उशाशी ठेवलेली काच

"बाई, हा दमा आहे," पालघरच्या डॉक्टरांनी छाती तपासायची नळी गळ्यात अडकवत सांगितलं. समोर माझी नऊ वर्षांची कुंदा खांदे उचलून धापा टाकत बसली होती. मी म्हटलं, "दमा तर म्हाताऱ्यांना होतो!" कागदावर श्वासनळ्यांचं चित्र काढून त्यांनी ब्राँकियल अस्थमा असं नाव सांगितलं. झटका आला की या नळ्या आतून सुजतात, आवळतात, आणि आत गेलेला श्वास बाहेर पडत नाही. मला इतके दिवस वाटत होतं, पोरीला हवा कमी पडतेय. खरं तर तिला हवा सोडता येत नव्हती.

ही साठीच्या दशकातली गोष्ट. आमचं घर चिंचणीला, समुद्राच्या अगदी जवळ. त्यामुळे गुन्हेगार कोण, हे गावाने आधीच ठरवून टाकलं होतं: खारा वारा. काहींनी तारापूरच्या नव्या वीजघराच्या कामावर जाणाऱ्या ट्रकांच्या धुळीलाही बोल लावले. आम्ही खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. कुंदाचं अंथरूण ओटीवरून उचलून मधल्या खोलीत नेलं, कारण तिथे वाऱ्याची झुळूकही शिरत नसे. अडुळसा झाला, मिरी-मध झाला. आयुष्यात कधी शिंकलेही नसतील असे लोक औषध सांगून जात.

झटके मात्र वाढले. गोळ्या होत्या एफेड्रीनच्या, म्हणजे आवळलेल्या नळ्या सैल करणाऱ्या. त्यांनी भागेना, तेव्हा एकदा बैलगाडीतून बोईसरच्या दवाखान्यात नेलं. ओठ निळे पडले होते. अॅड्रिनलीनची सुई दिली आणि बघता बघता तिच्या ओठांवर रंग परत आला. मी देवभोळी बाई, पण त्या दिवशी देवाच्या आधी सुईला हात जोडले.

नाशिकहून भावाचा निरोप आला, "पोरीला इथे पाठव, कोरड्या हवेत बरी होईल. शाळाही इथेच करू." आमचे हे कबूल झाले. मला मात्र ते पटेना. नऊ वर्षांची पोर एकदा गेली की माझ्या घरी पाहुणी म्हणूनच येणार. पालघरच्या डॉक्टरांनी तेवढ्यात मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाचं नाव सांगितलं. तिथले एक डॉक्टर हवेतल्या कशाने दमा उठतो, याचं संशोधन करत होते.

मी, कुंदा आणि सासूबाई असं त्रिकूट मुंबईला गेलं. सासूबाईंना नातीशिवाय करमेना आणि माझ्यावर विश्वासही नव्हता. डॉक्टर तरुण होते, बोलायला मृदू. त्यांनी व्हॅसलिन लावलेल्या बोटभर काचपट्ट्या दिल्या. "एक ओट्यावर ठेवा, एक मुलीच्या उशाशी. हवेतलं जे चिकटेल ते आम्ही बघू. दोष बाहेरच्या हवेत असेल, तर मुलीला इथून हलवावं लागेल. घरात असेल, तर घर सुधारता येईल."

म्हणजे माझ्या लेकीचा निकाल दोन काचांवर लागणार होता. मी त्या देव्हाऱ्यातल्यासारख्या जपल्या.

ठरल्या दिवशी काचा घेऊन गेलो. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, मान वर केली, पुन्हा पाहिलं. मग काच नाकाशी नेली. "बाई, याला खोबरेलाचा वास कसा?"

सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "मी रोज पुसत व्हते ना! धूळ बसायची. एवढ्या मोठ्या डागतरकडं मळकी वस्तू कशी आनायची? पुसून ताजं तेल लावलंय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टर मात्र पोट धरून हसले. "आजी, मला ती धूळच हवी आहे!" सासूबाई मला कानात म्हणाल्या, "येडा हाय गं ह्यो."

दुसऱ्या खेपेला मी नव्या काचांजवळ कुणाला फिरकू दिलं नाही. यावेळी डॉक्टरांनी मलाच भिंगातून पाहायला सांगितलं. ओट्यावरच्या काचेवर वाळूचे कण आणि कुठेकुठे परागाचे पिवळे दाणे. उशाशी ठेवलेल्या काचेवर मात्र काळपट, लांबट दाण्यांचा नुसता खच. ज्या खोलीत आम्ही तिला वाऱ्यापासून लपवलं, त्याच खोलीतली हवा ही!

"हे स्पोअर्स," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे बुरशीचं बी. ओलसर गवतावर फार होतं. घरात गवत आहे का?"

"नाही," मी खालच्या खोल्या आठवून ठामपणे म्हटलं.

"नाय कसं?" सासूबाई म्हणाल्या. "मधल्या खोलीच्या माळ्यावर गायीचं गवत हाय की."

माळ्याच्या फळ्यांत बोटबोट फटी, आणि खाली बरोबर कुंदाचं अंथरूण.

तरी डॉक्टरांनी घाई केली नाही. स्किन टेस्ट केली, म्हणजे कातडीवर धुळीच्या, परागाच्या, बुरशीच्या अर्काचे थेंब टाकून हलकेच टोचणं. बुरशीच्या थेंबाखाली आमच्या डोळ्यांदेखत लाल गांध उठली. बाकीची जागा साफ. सासूबाईही भिंगात बराच वेळ डोळा लावून उभ्या राहिल्या. शेवटी दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी ह्ये घर झाडते. आनि ह्ये सगळं आमच्यासंगं राहत व्हतं?"

मी कायमची घाबरेन असं वाटलं होतं, पण मला अपार नवल वाटलं. जे दिसत नाही त्यालाही आकार असतो, आणि ते शोधत बसणारी माणसं असतात.

माळा रिकामा केला, चिंध्या काढल्या, अंथरूण पुन्हा वाऱ्यात, ओटीवर आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दमा गेला असं समजू नका. पावसाळा बघू, मग मुलीला पाठवायचं का ते ठरवा." पावसाळ्यात झटके आले, पण हलके, गोळीने आवरणारे. तुमच्या घरी कुणाला हा आजार असेल तर औषध सोडू नका, आणि वाऱ्याला दोष देण्याआधी घर वर-खाली बघा. त्या डॉक्टरांचं ऋण माझ्याने फिटणार नाही.

दिवाळीत भाऊ कुंदाला न्यायला आला. मी ओट्यावर उभी होते. तो अजून वळणावर होता, तोच कुंदा अंगणातून धावत सुटली आणि पळता पळताच तिने हाक मारली, "मामाऽऽऽऽ!" हाक लांबत लांबत गेली. मध्ये कुठेही तुटली नाही.

भाऊ जागच्या जागी थांबला. मग जवळ आला. पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाला, "ताई, पाणी दे. उद्या सकाळच्या गाडीने मी एकटाच जातो."