मॉनिटरच्या समोर कोणीतरी हवं
माळ्यावरचा जुना, पोटवाला मॉनिटर परवा चालू केला आणि तापलेल्या धुळीचा तोच वास आला. आई गेल्यानंतरच्या एका रविवारी, मुलुंडच्या याच घरात, मी त्याचं तिरकं झालेलं चित्र सरळ करायला बसलो होतो. शॉकच्या भीतीने एक हात खिशात आणि दुसऱ्या हाताने मागची कॉइल फिरवतोय, थाट मात्र रॉकेट दुरुस्त करत असल्याचा! मागून पडदा दिसत नाही, म्हणून बाबांना समोर बसवलं. "झालं का सरळ?" "अजून थोडं." महिनाभर गप्प असलेले बाबा मधेमधे आईच्या चहात आलं किती लागायचं ते सांगत होते. तासाभराने मान अवघडली, पुढे येऊन पाहिलं, तर चित्र दुसऱ्या बाजूला पार कलंडलेलं. "अहो बाबा, हे काय!" "सरळ मगाशीच झालं होतं रे. पण सांगितलं असतं तर तू उठून गेला असतास ना." परवाही चित्र तिरकंच दिसलं, म्हणून लेकाला हाक मारली. "पप्पा, मोबाइल सेल्फीवर लावतो समोर, मागून दिसेल तुला," म्हणत तो लावून गेलासुद्धा. दोन मिनिटांत चित्र सरळ झालं. मोबाइल एकदाही 'अजून थोडं' म्हणाला नाही.