रामटेके सरांनी न केलेली सही

आदरणीय रामटेके सरांची आणि माझी पहिली भेट गोंदियातल्या एका फोटो स्टुडिओत झाली. दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. दहावीत नापास होऊन मी आमच्या केशोरी गावाहून आलो होतो आणि स्टुडिओत बसून कंप्युटरवर लग्नाचे फोटो साफ करत होतो. मालकांचं एकच सांगणं असायचं, "दुल्हन के मुँह पे एक भी दाग नहीं दिखना चाहिए." त्यामुळे कोणताही फोटो उघडला की माझा हात आधी डाग शोधायचा.

सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. काही काळ्या-पांढऱ्या चित्रांचे प्रिंट पाहिजेत म्हणून ते एक सीडी ठेवून गेले. चित्रं गोल होती, आत राखाडी आकार, आणि सगळीकडे रवा सांडल्यासारखे दाणे. मला वाटलं, धूळ आहे. मी मन लावून सगळं पुसलं आणि चकचकीत कागदावर छापून ठेवलं. संध्याकाळी सर आले, त्यांनी प्रिंट उजेडाकडे धरला.

"यातली गाठ कुठं गेली?"

"गाठ? एक डाग होता जी. तो काढला."

"काऊन काढलास?"

"चांगला दिसावा म्हणून. कोणाचा फोटो आहे जी?"

सर खो खो हसले. म्हणाले, "कोणाचाच नाही. कंप्युटरात बनवलेलं खोटं पोट आहे ते. मीच त्यात गाठ ठेवली होती. खरा पेशंट असता तर तू त्याला दोन मिनिटांत बरा करून घरी पाठवला असता." जाताना म्हणाले, "रविवारी कॉलेजात ये. तू काय पुसलंस ते दाखवतो." सर गेल्यावर मालकांनी टोमणा मारला, "जाओ जाओ, डॉक्टर बनके आना." आणि मी खरंच गेलो.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या अभ्यासाविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. माझं शिक्षण तेवढं नाही. संपादकांनी फोनवर सांगितलं की जसं बोलतोस तसं लिही, म्हणून धीर केला.

माणसाला न कापता त्याच्या आतलं दाखवणारं सीटी स्कॅनचं मशीन तेव्हा सरांच्या हाताला लागेल असं कुठंच नव्हतं. म्हणून सरांनी ते कंप्युटरात उभं केलं. त्यांचं सॉफ्टवेअर चित्रांचं होतं. पडद्यावर डबे मांडायचे आणि त्यांना तारांनी जोडायचं. एक डबा किरण सोडायचा, दुसरा त्याला गोल फिरवायचा, तिसरा पलीकडे पडलेल्या सावल्या गोळा करायचा आणि चौथा त्या सावल्या एकमेकींवर पसरून आतलं चित्र तयार करायचा. इंग्रजीनं मला शाळेतून बाहेर काढलं होतं. तारा जोडायला मात्र इंग्रजी लागत नव्हतं. सर म्हणत, "वाचता नाही आलं तरी चालते. डोळे उघडे ठेव."

सावल्यांचं हे प्रकरण माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मग सरांनी राइस मिलचं सांगितलं. धानाचा व्यापारी पोतं न सोडता परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसतो आणि आतला दाणा पाहतो. एकाच बाजूनं खुपसली तर फसतो, चारी बाजूंनी खुपसली तर पोत्यात काय आहे ते कळते. "आपले किरण म्हणजे भोक न पाडणारी परखी," सर म्हणाले. एवढं मला पुरलं.

दर रविवारी कॉलेजातली काही पोरंही यायची आणि सर आमची लपाछपी लावत. अर्ध्या पोरांनी खोट्या पोटात गाठ लपवायची आणि बाकीच्यांनी सावल्यांवरून ती शोधायची. देवरीची दुर्गा नावाची बीएस्सीची मुलगी इतकी बारीक गाठ लपवायची की मी रडकुंडीला यायचो. "सापडली का गा डॉक्टर? का पुसून टाकली?" म्हणून चिडवायची. एकदा मी दाणे कमी करून चित्र एकदम गुळगुळीत केलं आणि सरांना म्हटलं, "पहा जी, किती चांगलं आलं." सरांनी चष्मा काढून पुसला. "चांगलं आलं ते दिसून राहिलं. खरं आलं का ते सांग." स्टुडिओत हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता.

सरांच्या मायेविषयी एकच गोष्ट सांगतो. घरावर कवेलू, म्हणजे कौलं, फेरताना माझे बाबा खाली पडले. नागपूरला नेलं, डोक्याचा स्कॅन झाला, ऑपरेशन झालं. बाबा घरी आल्यावर सर बसनं केशोरीला आले. बाबांच्या मनात वेगळीच भीती बसली होती. त्यांनी फिल्म सरांपुढं टाकली आणि म्हणाले, "सर, हे पोट्टं सांगून राहिलं का मशीननं माह्या डोस्क्याचे काप केले. मंग मी जिता कसा आहो?"

कोणी हसलं असतं. सर जमिनीवर बसले, फिल्म दाराच्या उजेडात धरली आणि बाबांना एकेक चौकोन दाखवला. "काप डोस्क्याचे नाही केले जी, सावल्यांचे केले. हे पहा, इथं रक्त साकळलं होतं. ज्यानं ही फिल्म काढली त्यानं नीट काढली, म्हणून डॉक्टरांना ते दिसलं." बाबांनी खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "त्या माणसाले चहा पाजाले पायजे होता." सर म्हणाले, "तुमचा पोरगा व्हईन तसा माणूस." ते ऐकलं आणि आपण हेच काम करायचं, असं माझ्या मनानं घेतलं.

पुढं कॉलेजची कमिटी सरांचं काम पाहायला आली. सरांनी तारा जोडून दाखवल्या, खोटं मशीन फिरलं, आणि दुर्गानं लपवलेली गाठ पडद्यावर उजळली. टाळ्या पडल्या. अध्यक्ष खूश झाले.

"कमाल आहे सर! तीन महिन्यांचा कोर्स काढू. स्कॅन टेक्निशियन. दहावी नापास पोरंही घेऊ. प्रस्ताव तयार आहे, तुम्ही फक्त सही करा."

दहावी नापास हे शब्द माझ्या कानात वाजले. दुर्गानं मला कोपरानं ढोसलं.

सर म्हणाले, "आणि मशीन? पोरं निदान सहा महिने खऱ्या मशीनवर बसली पाहिजेत. एखाद्या दवाखान्याशी बोलावं लागेल."

"कायले? तुमच्या कंप्युटरात सगळं तर दिसून राहिलं."

"दिसते, कारण गाठ आम्हीच लपवली आहे साहेब. ती आहे हे आम्हाला आधीच माहीत आहे. माणसाच्या पोटात काय आहे ते कोणी आधी सांगून ठेवत नाही. इथं पेशंट हलत नाही, खोकलत नाही, घाबरत नाही. एवढ्यावर शिकलेला पोरगा मी खऱ्या माणसापुढं उभा करणार नाही."

"मशीनचं पाहू पुढं. आधी सही तर करा."

"मशीनची सोय होईल त्या दिवशी करतो."

अध्यक्षांनी प्रस्ताव उचलला आणि चहाला चला म्हणाले. कोर्स तिथंच संपला.

मी जिन्यात सरांना गाठलं. "सर, मले कोर्सचा कागद भेटला असता."

"हो."

"कामाले लागलो असतो."

"हो रे."

एवढं म्हणून ते जिना उतरून गेले. मला राग होता की ते भांडलेही नाहीत, समजावलंही नाही. पुढच्या रविवारी मी गेलो नाही. स्टुडिओही सोडला. सुरतला गेलो, हैदराबादला गेलो, एका ठिकाणी माझा पाय टिकला नाही. आता कोइमतूरला आहे. दवाखान्यात नवीन स्कॅन मशीन आलं की ते आत नेऊन बसवणाऱ्या टोळीत मी काम करतो. मशीनचं ते मोठं कडं आम्ही खांद्यानं रेटत खोलीत नेतो, बोल्ट आवळतो. मग इंजिनिअर येतात आणि आम्हाला बाहेर व्हायला सांगतात. काचेपलीकडे कडं फिरायला लागते तेव्हा कोणता डबा कोणाला जोडला आहे ते मला अजून आठवते. पण आत जायला कागद लागतो.

दुर्गा मला अधूनमधून खबर देत असे. सरांनी एकेक दवाखान्याचा उंबरठा झिजवला. पोरांना आठवड्यातून एक तास तरी मशीनजवळ उभं राहू द्या, एवढंच ते मागत होते. कोणी हो म्हटलं नाही. रविवारचा वर्ग त्यांनी एकट्याच्या बळावर चालू ठेवला, तोही खोली परीक्षेच्या सामानासाठी घेतली तेव्हा बंद पडला. सरांची साठी आली आणि कोर्स निघाला नाही, ही गोष्ट मला टोचते. आपल्या जिल्ह्यात असा माणूस होता आणि आपण त्यांना एका मशीनजवळ उभं राहायची जागा देऊ शकलो नाही.

गेल्या महिन्यात सत्काराची बातमी कळली म्हणून मी सरांना फोन केला. प्रकृती विचारली, बाबांचं सांगितलं. सर मधेच म्हणाले, "त्या दिवशी सही केली असती तर तू इथंच असतास, नाही का रे? बाकीची पोरंही असती. मी चुकलो का, हा विचार काही जात नाही." तेवढ्यात मुकादमानं हाक मारली आणि उत्तर न देताच फोन ठेवावा लागला.

समारंभाच्या दिवशी इथं मशीन उतरणार आहे, मला येता येत नाही. म्हणून उत्तर इथंच, सगळ्यांच्या देखत देतो.

हो सर, मी तिकडंच असतो. गोंदियाच्या एखाद्या सेंटरवर तीन महिन्यांचा कागद भिंतीला लावून बसलो असतो. समोर कोणाचा तरी बाप निजला असता आणि मला त्याचं चित्र चांगलं काढता आलं असतं, खरं काढता आलं नसतं. मी त्या वयात कोणाचं ऐकणारा नव्हतो, ते तुम्हाला माहीत होतं. कोर्स गेल्याचं दुःख मला आहे आणि ते जाईल असं वाटत नाही. पण ते दुःख माझं आहे. तुम्ही ते तुमच्या नावावर लावून घेऊ नका. तुम्ही चुकले नाही, सर.

आपली नजर शाबूत राहो, हातपाय धडधाकट राहोत, रात्री बिनघोर झोप लागो, आणि अशी पुष्कळ वर्षं आपल्या वाट्याला येवोत. पुढच्या खेपेला गावी आलो की आधी आपल्या घरी येईन. त्या दिवशी जिन्यात जे बोललो नाही ते बसून बोलू.