हरिबा हवालदाराची गोफणपलटण

कवठे महांकाळच्या अंगाला हरिबा हवालदाराचं काळं रान हाय. पलटणीतनं पेन्शनीवर आल्यापासनं दर साली तिथं शाळूच. शाळवाच्या भाकरीबिगर गड्याच्या घशाखाली घास उतरत नाही. पण गेल्या साली चिकात, कोवळ्या दाण्यात आलेला शाळू भोरड्यांनी फस्त केला आणि औंदा पेरणीलाच त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, तोंडावर सांगून टाकलं, "औंदाबी पाखरांनी हात मारला, तर कालव्याचं पानी घ्यायचं आन ऊस लावायचा. मग खावा गव्हाची चपाती."

तवापासनं हरिबाची झोप उडाली.

कणसं भरली आणि एका सकाळी थवा आलाच. हाकेला शेजारचा धुळा मेंढका, त्याची हरणाबाई अन् आणखी चार बायका गोफणी घेऊन धावल्या. जो तो आपल्या मनानं धोंडा भिरकावी. पाखरं हितनं उठत, तिथं बसत. हरिबाचं रक्त तापलं.

"थांबा! बांधावर या. खांद्याला खांदा लावून हुबं ऱ्हावा!"

"का रं? फोटू काढायचाय व्हय?" धुळा म्हणाला.

"येड्या, पयल्या काळी पलटनी अशाच लढायच्या. ठासणीची बंदूक ती, गोळी ताडी प्यालेल्यागत कुठंबी जायाची. एकाचा नेम लागंना. पन समद्यांनी एकदम बार काढला की फुडं गोळ्यांची भिंतच! परत ठासाय येळ लागायचा, तवर घोडंस्वार अंगावर. मग संगिनी फुडं करून चिकटून हुबं ऱ्हायचं. घोडं भिंतीत घुसत न्हाई. धुरात सायब दिसंना, पन शेजारी लागून असला की हुकूम कळायचा. आन शेजाऱ्यादेखत पळायची लाज वाटती, गड्या."

"म्हंजी तुमी लाजंनं टिकलासा व्हय?" बनुबाई म्हणाली. "आन लंगरात चपात्याबी खांद्याला खांदा लावूनच लाटत व्हता?"

नोकरीतली निम्मी वर्षं लंगरात रांधण्यात गेली, हे गावात तिला एकटीलाच ठाऊक होतं. आता समद्या बांधाला झालं.

हरिबानं ऐकलं नाही असं दाखवलं. "तयार! फिरवा! सोडा!"

सहा गोफणी एकदम गरगरल्या आणि एकमेकींत अशा गुतल्या, की सासरी निघालेल्या पोरीबी तशा आईच्या गळ्यात पडत नसतील. हरणाबाईचा धोंडा मागं ओढ्यात गेला. धुळाच्या कानावर गोफणीचा शेपटा बसला. हरिबाची टोपी शाळवात. भोरडी एक उडाली नाही.

"आवं हवालदार," बनुबाईनं पदर खोचला, "बंदूक फिरवाय लागत न्हाई. गोफन लागती." तिनं एकेकीला दंडाला धरून लांब लांब उभं केलं. धुळाला पार बाभळीपाशी धाडलं. मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "एकदम सोडायचं, ही तुमची गोष्ट मातूर खरी हाय. द्या हुकूम."

हरिबानं खाकरून हुकूम दिला. धोंडं एकदम सुटलं, थव्याच्या मधोमध सणसणत गेलं. अख्खं रान फडफडलं आणि भोरड्या लांब माळावर गेल्या. फिरून आल्या, फिरून उठवल्या. कणसं कडक होईस्तवर हेच चाललं.

सुगीला शाळू थोडा कमी भरला, पण घरात आला. नव्या पिठाची पहिली भाकरी ताटात पडली, तसं हरिबानं भीतभीतच विचारलं, "मग? उसाचं कसं?"

"ऱ्हाऊ द्या ऊस. शाळूच पेरा," बनुबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "पन फुडच्या साली हुकूम म्या देनार. तुमी धोंडं येचायचं."

"व्हय," हरिबा म्हणाला, आणि दुसरी भाकरी मागून घेतली.