आधी भांडं, मग डोळे

सरोदे डॉक्टर डोळ्यांचे, पण कुणाच्याही घरात शिरले की आधी चुलीपाशी जायचे. चपला बाहेर काढायच्या, हात मागं बांधायचे आणि विचारायचं, "मावशी, झाकण उघडू का?" आमच्या विठ्ठलवाडीच्या चाळीत बाया लई हसायच्या. हे डॉक्टर का सासूबाई, म्हणायच्या. पातेल्यात नुसता भात दिसला की डॉक्टर झाकण ठेवायचे आणि मग पोरांचे डोळे बघायला बसायचे.

पहिले ते मोठ्या दवाखान्यात मोतीबिंदू काढायचे. नाव होतं त्यांचं. ते सोडून अंगणवाड्या आणि बदलापूरकडचे पाडे फिरायला लागले. का सोडलं, मी एकदा विचारलं. म्हणाले, "मोतीबिंदूवाला म्हातारा थांबतो हो. उपाशी पोराचा डोळा थांबत नाही. तो माझ्या टेबलावर येतो तेव्हा विरघळलेला असतो. मग मी कापू काय?"

त्यांची माझी ओळख झाली ती माझ्या नातीमुळं. मनाली तेव्हा नुकती बोलायला लागलेली, आणि तिला गोवर आला. आम्ही म्हणतो आई आल्या. मग दाराला कडुलिंबाचा पाला, खिडकीला गोधडी, घरात अंधार. फोडणी बंद, तेल बंद. पोरीला नुसती पेज. लेक माझी सुनंदा, उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. नवरा सोडून गेलेला. मी चार घरची भांडी घासायची. तरी रीत सगळी पाळली. अंगावरचं पुरळ गेलं, पण पोर उठेना. भिंतीकडं तोंड करून पडायची. त्या अंधारात तिला काय दिसतंय आणि काय नाही, हे आम्हाला कुठं दिसणार?

डॉक्टर दारात आले तेव्हा सुनंदा आडवी उभी राहिली. म्हणाली, "आई कोपल्या तर तुम्ही निस्तरणार का?"

त्यांनी उंबऱ्याबाहेरनंच हात जोडले. "आईला माझा नमस्कार सांगा, ताई. खिडकी तेवढी उघडा."

मीच गोधडी ओढली. उजेड पोरीच्या तोंडावर पडला. उजव्या डोळ्यात बुबुळाच्या जागी दुधावरची साय असते तसं काहीतरी होतं. डावा सुकलेला, चमक गेलेला. डॉक्टर त्या दिवशी चुलीपाशी गेले नाहीत. पिशवीतलं अ जीवनसत्त्वाचं पिवळं औषध तिथंच चमच्यानं पाजलं, पोर उचलली आणि रिक्षा थांबवली. वाटेत सुनंदानं विचारलं, दिसेल ना हो तिला? त्यांनी खोटं सांगितलं नाही. "उजवा गेला. आपण डाव्यासाठी चाललोय."

दवाखान्यात ते रोज सकाळी यायचे. मला म्हणायचे, मावशी, बांगडी द्या. मी दोन काढल्या तर एक परत दिली. "एकच पाहिजे. दोन वाजतात. तिनं ऐकून नको, बघून हात पुढं करायला पाहिजे." ती बांगडी पोरीपुढं धरून ते उभे राहायचे. हात काही यायचा नाही. बांगडी मला परत द्यायचे आणि जायचे. सुनंदा म्हणाली, "दोन्ही गेले तर हिला कुणावर टाकून मी कामाला जाऊ?" मी पोरीचं पांघरूण सारखं केलं.

मग एका सकाळी पोरीनं हात लांब केला. बांगडी धरली आणि तोंडात घातली. डॉक्टरांनी वाकून तिचा डावा डोळा बघितला. म्हणाले, "राहू दे तिच्याकडं."

घरी आल्यावर चाळीमागच्या शेवग्याचा पाला त्यांनी स्वतः तोडून आणला. सुनंदाला म्हणाले, आता फोडणी टाका, माझ्यासमोर टाका. "तेल नसलं तर हा पाला पोटात फिरून निघून जातो. डोळ्यापर्यंत पोचत नाही." कढईत मोहरी तडतडली तेव्हा सुनंदा रडत होती.

मनाली आता अंबरनाथ पश्चिमेला औषधाच्या दुकानात काम करते. एका डोळ्यानं बारीक अक्षर वाचते. डॉक्टर आजारी पडले तेव्हा मी मांजर्लीला त्यांच्या घरी गेले. आधी स्वयंपाकघरात शिरले आणि झाकण उघडलं. पेज होती. ते खाटेवरनं बघत होते, हसले. मग म्हणाले,

"मावशी, मनालीला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या आठवड्यात मी तुमच्या दारावरनं गेलो होतो. पाला बघितला. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, इथं आई आल्यात, आत नको, तर मी पुढं गेलो. उजवा तेव्हा असेल हो."

इतकी वर्षं हे मनात घेऊन माणूस फिरत होतं. म्हटलं, पेज गार होते, घ्या. दोन चमचे घेतली. पुढच्या आठवड्यात गेले ते.

आमच्याकडं आई अजून येतात. दाराला पाला दिसला की मी थांबते. बाया शिव्या घालतात, म्हातारी विटाळ करायला आली म्हणतात. परवा मागच्या गल्लीत गेले. बोलणी खाल्ली, पण खिडकी उघडली. एक बांगडी काढली आणि पोरापुढं धरली. माझे हात आता कापतात. एकच होती, म्हणून वाजली नाही. धरून उभी राहिले.