हाक गिळली तो पाडवा

डॉक्टरांनी पडद्यावर माझं काळीज दाखवलं आणि म्हणाले, जपा, ते फार थकलंय. पुढच्या दिवाळीची खात्री काही त्यांनी दिली नाही. घरी येताना रडू यायला हवं होतं. आली ती घाई! साठी ओलांडली तरी दसरा कधी गेला नि दिवाळी कधी आली, हे मला कधी कळलं नव्हतं. यंदा मात्र एकेक दिवस ताटभर वाढल्यासारखा समोर यायचा. पहाटे धार काढताना चरवीत पडणाऱ्या दुधाचा आवाजसुद्धा मी कान देऊन ऐकायचो.

आमच्या गवळी गल्लीत पाडव्याला म्हशी पळवतात. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर मालक पुढं आणि त्याच्या हाकेवर नटवलेली म्हैस मागं. माझी म्हैस फक्त माझीच हाक ओळखायची. आता तर गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग ठरवलं, या पाडव्याला तिला लेकीमागं पळायला शिकवायचंच. मी गेल्यावर तिनं कुणाचं तरी ऐकायला हवं.

लेक गाडी काढायची, हाक द्यायची, म्हैस चार पावलं जायची. मला राहवायचंच नाही. "ये गं माझे बायेऽ!" मी कट्ट्यावरून ओरडायचो आणि ती गर्रकन वळून माझ्याकडं!

"आबा, तोंड मिटा की! तुमी हाक मारलीसा की ती तुमच्याकडंच येणार."

"बरं बरं, न्हाय मारत," मी म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं तेवढं थांबायला सवड नव्हती.

पाडव्याला शिंगं रंगवली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. गल्ली माणसांनी तुडुंब भरली. लेकीनं गाडी तापवली, हाक दिली. माझ्या छातीत अशी धडधड, की डॉक्टरांनी पाहिलं असतं तर फैलावरच घेतलं असतं. हाक ओठांपर्यंत आली. मी टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला.

म्हैस सुटली ती थेट लेकीच्या मागं! माझ्या अगदी पुढून गेली, तिच्या अंगाचा वास आला, पण माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता, आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. शेजारी उभ्या एका अनोळखी माणसानं मला ढोसलं, "पावणं, कुणाची वो ही म्हस?"

तोंडातला बोळा काढून मी ओरडलो, "माझ्या लेकीची हाय की!"