शाळेपासून दारापर्यंत

गणवेश शिवणाऱ्या बाईंना सगळे थोरलीच म्हणत, कारण घराच्या मागच्या अर्ध्यात त्यांची धाकटी जाऊ राहायची. दोघींच्या मुली एकाच वयाच्या. घरामागच्या गल्लीत सरकारी माध्यमिक शाळा होती. तिथले गणवेश थोरली कित्येक वर्षं शिवत आली होती, त्यामुळे आपली मुलगी तिथंच जाणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

या शाळेत प्रवेशाला परीक्षा नव्हती, मुलाखत नव्हती, गुणही कोणी विचारत नसे. ज्याचं घर जवळ, त्याला आधी जागा. अंतर मोजायचं ते शाळेच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत, पायवाटेनं. धाकटीचं दार गल्लीत, फाटकासमोरच. थोरलीचं हमरस्त्यावर, तिथून शाळेला जायचं तर घरांच्या अख्ख्या रांगेला वळसा. धाकटीच्या मुलीला जागा मिळाली. थोरलीची मुलगी राहिली.

वाटणीत हमरस्त्याची बाजू थोरलीनंच हट्टानं घेतली होती. गिऱ्हाइकाला दुकान दिसायला हवं, असं ती म्हणाली खरी. पण नव्या जावेनं मोठ्या रस्त्यावर मिरवू नये, हे खरं कारण होतं.

धाकटी कापड घेऊन आली. "वहिनी, गणवेश तुमच्याच हातचा हवा हं. जरा ढगळ शिवा, पोर वाढतेय."

"ढगळच शिवते. तुझ्या पदरात सगळं मापापेक्षा जास्तच पडतं."

धाकटी हसली. तिला टोमणे लागतच नसत, हेही थोरलीला सलायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेच्या कारकुनाला गाठलं. "एक छप्पर, एक भिंत. तिची पोर आत आणि माझी बाहेर?"

"बाई, आम्ही छप्पर मोजत नाही, दार मोजतो. एक जागा कालच रिकामी झालीय. गल्लीकडून तुमच्या रोजच्या वापराचं दार असेल तर सांगा, येऊन मोजतो."

दार होतं, धाकटीच्या अंगणात उघडणारं. तिची ऊठसूट ये-जा नको म्हणून थोरलीनंच ते विटा लावून बुजवलं होतं. आता फोडायचं तर अंगणातून वाट मागावी लागणार. तिनं नवऱ्याला पुढं करून पाहिलं. "तुम्हीच बोला ना भावाशी."

"बुजवताना मला विचारलं होतंस? आता तूच जा."

ती गेली. शब्द जुळवून गेली होती, पण निम्मेसुद्धा लागले नाहीत.

"अहो, त्यात विचारायचं काय? पोरी बरोबरच जातील की! ह्यांना सांगते, उद्याच गवंडी आणतील."

धाकटीनं थोडे आढेवेढे घेतले असते, निदान एखादा शब्द टाकून बोलली असती, तर थोरलीला बरं वाटलं असतं. तिच्या जागी आपण असतो तर तिला आठवडाभर झुलवलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"गवंडी माझा मी बघेन," ती म्हणाली. "आणि हे बघ, वाट फक्त शाळेपुरती. उगाच ये-जा नको."