सातव्या जागेचा उतार

ऑफिसात तिला सगळे नकाशेवाली म्हणत. नऊ वर्षं ती नद्या बघत होती, पण संगणकावर. उपग्रहाने मोजलेल्या उंचीवरून नदी कुठे किती उतरते ते काढायचं, त्याला पाण्याची आकडेवारी जोडायची आणि वीज निघेल तिथे लाल ठिपका ठेवायचा.

यंदाच्या बारा ठिपक्यांत सातवा अव्वल ठरला. दोन किलोमीटरांत एकोणीस मीटर उतार. साहेब खूश होते. अकराच्या बैठकीत जागा पक्की होणार होती आणि दुपारीच तिथल्या चाळीस घरांना जागा सोडण्याच्या नोटिसा जाणार होत्या.

सकाळी तिने नकाशा मोठ्या कागदावर छापला. सातव्या ठिपक्याशी उंचीच्या रेषा सरळ रेघेत तुटत होत्या, पट्टीने कापल्यासारख्या. नदी अशी कधी उतरत नाही.

तिने शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या आरेखकाला हाक मारली. "काका, हे बघा."

काकांनी चष्मा लावला. "धबधबा झकास आहे."

"धबधबा नाही. माझी जोडणी आहे. उंचीचे दोन तुकडे जोडले. उंची जिथून मोजायची ते शून्य दोन्हींचं वेगळं, ते मी सारखं केलंच नाही."

"कुणी पाहिलंय?"

"मी."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझा करार या महिन्यात संपतोय, बाई."

शून्य सारखं करून तिने हिशेब पुन्हा लावला. चाळीस मिनिटं पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती आणि आपली शंका खोटी ठरू दे, असं ती मनाशी घोकत होती. उत्तर आलं: पाच मीटर.

साहेबांनी आकडा वाचला. "पाच मीटरवर माझ्या घरचा पंखा तरी फिरेल का? कुणाची चूक?"

"माझी."

"मग बैठकीत तूच सांग."

तिने सांगितलं. नोटिसा थांबल्या. तेवढ्यात टोकाला बसलेल्या इंजिनिअरबाईंनी विचारलं, "उरलेल्या अकरा जागांचे जोड तपासलेत?"

"नाही."

साहेबांनी तिला तीन दिवस दिले. करार वाढेल का, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. जागेवर येऊन तिने पहिला ठिपका उघडला आणि रेषांवरून बोट फिरवू लागली, कुठे काही सरळ तर नाही ना, ते बघत.